अणू की ॲटम?

खानापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, "कर्नाटकातल्या मराठी शाळांनी अणू, रेणू, अभिक्रिया बंद करावं. पोरं पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत, गळतात ती या शब्दांमुळं." वीस वर्षं विज्ञान शिकवतोय, म्हणून बोलतो. 'सहसंयुज बंध' म्हटलं की निम्मं उत्तर शब्दातच आहे. सह, म्हणजे मिळून. हायड्रोजनच्या दोन अणूंनी एकेक इलेक्ट्रॉन घातला, जोडी दोघांची. 'कोव्हॅलंट' पोरं नुसतं घोकतात.

टिळकवाडीची आई: सर, तुम्ही शिकवलंत, भोगलं मी. मराठी शाळेतून पीयूसीला गेले. शिकवणं इंग्रजीत, अडलं की कन्नडात. एकदा धातूंची उदाहरणं विचारली. मी उठून तांबं, जस्त, लोखंड सांगितलं. "ऑक्सिजन?" तो धातू नाही म्हटलं, अख्खा वर्ग हसला. कन्नडात धातू म्हणजे मूलद्रव्य. आपल्या धातूला ते लोह म्हणतात, आणि आपलं लोह म्हणजे लोखंड! त्यांचा अणू म्हणजे आपला रेणू, आपला अणू त्यांचा परमाणू. हे कुणी आधी सांगितलं होतं? मुलीला इंग्रजी माध्यमात घातलंय.

निपाणीकर: शब्दांचं काय घेऊन बसलाय? कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. वडिलांनी स्वतः रंगवलेली दुकानाची पाटी उतरवली मी. आधी ते बोला.

शहापूरवाला: काय वो, मराठी पुसा म्हटलंय कुणी? उरलेल्या चाळीसात लिवा की.

निपाणीकर: चाळीसात इंग्रजी पण बसवायचं असतं. 'किराणा' एवढाच शब्द मावला, वडिलांचं नाव गेलं. तुमच्यासारखे गप्प बसतात म्हणून ही वेळ आली.

शहापूरवाला: तोंड सांभाळून. कन्नड शाळेत शिकलो म्हणून मी परका झालो काय? घरात आईशी मराठीच बोलतो.

निपाणीकर: परका म्हटलं नाही. पण पाटी तुमची उतरली नाही.

खानापूरकर: पाट्यांचा वेगळा धागा काढा, मीही येतो. ताई, हसणाऱ्या वर्गाचा दोष अणूवर का?

टिळकवाडीची आई: बरं, 'क्षपण' हा शब्द फोडून दाखवा.

खानापूरकर: ऑक्सिजन निघून जाणं, इलेक्ट्रॉन मिळणं. शब्दातून यातलं काही कळत नाही, मान्य. ते रिडक्शनच म्हणू. अणू, धातू, लोह तिन्ही भाषांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहीन, जूनपासून. पण अणू पुसणार नाही.

टिळकवाडीची आई: लिहा. माझ्या वेळी लिहायला हवं होतंत.