ही दारुहळद आहे का?

प्रश्न: मॅसॅच्युसेट्समधील आमच्या घरामागच्या रानात लाल फळांचे एक काटेरी झुडूप माजले आहे. फांदी मोडली तर आतले लाकूड हळदीसारखे पिवळेधमक निघाले. ही आपली दारुहळदच का?

उत्तर: प्रजाती (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत बार्बेरी) तीच, जाती निराळी. पानांच्या कडा अखंड आणि काटे बहुधा एकेरी असतील, तर ती जपानी बार्बेरी. दातेरी पाने व तिहेरी काटे युरोपीय बार्बेरीचे.

आणखी एक उत्तर: युरोपीय जातीवर गव्हाचा काळा तांबेरा हा बुरशीचा रोग पोसतो, म्हणून १९१८ पासून अमेरिकेत तिच्या उच्चाटनाची मोहीम चालली, आणि १८७५ मध्ये बोस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात बियांच्या रूपाने आलेली जपानी जात तिच्या जागी कुंपणाचे झुडूप म्हणून स्थिरावली. हरणे तिला सहसा तोंड लावत नाहीत, पक्षी बिया दूर नेतात. माझ्या मते ती मुळासकट काढावीच. दाट जाळीत गोचिडी फार असतात, तेव्हा अंगभर कपडे घालावेत.

प्रश्नकर्ता: काटे एकेरीच आहेत. मनःपूर्वक आभार.