मुलं मोठीही होतात, ताई

ताई, ‘स्वमग्न मुलांच्या वतीनं पालकांनीच बोलायला हवं’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. मी चौतीस वर्षांचा, जळगावकर, स्वमग्न (म्हणजे ऑटिस्टिक). १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आम्ही आहोत, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही. तरी २ एप्रिलच्या, म्हणजे जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनाच्या, एका कार्यक्रमाला एकटा गेलो तर दारातच प्रश्न, “पेशंट कुठंय?” वर आत कानठळ्या बसवणारा स्पीकर. जनजागृती म्हणे!

त्यापेक्षा माझा मामेभाऊ शहाणा. भरीत पार्टीत वांगी ठेचायचा आवाज माझ्या डोक्यात घुसतो (भरीत मात्र जीव की प्राण). तो काही न बोलता माझं ताट लांब, बांधावर नेऊन ठेवतो. कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. ठेचणं थांबलं की हाक येते, “ये रे भो आता.”