मदत हवी आहे: मुलाची दाढ किडलीय, रूट कॅनल करू का नको?

हळदीची_पिशवी: आम्ही सांगलीत. मुलाची दाढ किडलीय, काल मिरजेला दाखवलं तर रूट कॅनल आणि वर कॅप म्हणाले. सासूबाई म्हणतात दुधाची आहे, पडेल की, पैसे कशाला घालवता. आमच्या लहानपणी एवढे दात किडत नव्हते आणि ह्याच्या वर्गात बघावं त्या पोराच्या दातात चांदी, असं का झालंय? लवकर सांगा, उद्या डॉक्टरांना फोन करायचाय.

कृष्णाकाठ: वय काय? कुठली दाढ?

गुळाचा_खडा: आम्ही गुऱ्हाळावर दिवसभर ऊस चावायचो, काकवी प्यायचो, एक दात किडला नाही. ह्या पेस्टांनीच वाट लावलीय. बाभळीची काडी द्या.

साताऱ्याची_सून: दादा, गूळ काय नि साखर काय, तोंडातले जंतू दोन्हीचं ॲसिडच करतात. तुमचा ऊस हंगामापुरता, आता बिस्किट-कुरकुरे वर्षभर, तासातासाला, दाताला सावरायला उसंत कुठाय? आणि पेस्टनं वाट लागली असती तर १९७० नंतर युरोप-अमेरिकेत पोरांची कीड कमी कशी झाली? तिकडं साखर कमी खातात होय? फ्लोराइडची, म्हणजे दाताला किडीपासून वाचवणाऱ्या क्षाराची, पेस्ट घरोघर गेली म्हणून झाली.

गुळाचा_खडा: तिकडं अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ पासून नळाच्या पाण्यातच घालतात ते फ्लोराइड. जास्त झालं की दातावर डाग पडतात, तेपण सांगा की.

साताऱ्याची_सून: म्हणूनच वाटाण्याएवढीच पेस्ट, तीन वर्षांखाली तर तांदळाच्या दाण्याएवढी.

भडंग_प्रेमी: मिरजेत कवळीला किती घेतात? सासऱ्यांना बसवायचीय.

हळदीची_पिशवी: अहो कवळीचं नंतर! साडेसहा वर्षांचा आहे. खालची, सगळ्यात मागची.

कृष्णाकाठ: हे आधी सांगायचं ना. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं पहिली कायमची दाढ येते, तिच्यासाठी कुठला दात पडत नाही म्हणून घरात कुणाला कळतच नाही. टॉर्च घ्या, समोरच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजा. पाच दुधाचे, सहावी कायमची.

गुळाचा_खडा: दुधाची असली तर उपटून मोकळं व्हा.

साताऱ्याची_सून: काहीही काय! दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत लागते, आधी काढली की शेजारचे दात सरकतात. माझ्या भाच्याला आता तारा बसवल्यात.

हळदीची_पिशवी: सहावी आहे ओ. सासूबाईंनीपण बोट घालून मोजलं, चावला त्यांना. पण आत्ता आलेली दाढ एवढ्यात किडली कशी?

कृष्णाकाठ: नवी दाढ कच्ची असते, खाचा खोल, ब्रश मागंपर्यंत जात नाही. मुळंपण पूर्ण झालेली नसतात, त्यामुळं मोठ्यांसारखं रूट कॅनल का दुसरं काही, हे लहान मुलांच्या डेंटिस्टला विचारा. रात्री काय खाऊन झोपतो?

हळदीची_पिशवी: दोन चमचे साखर घातलेलं दूध. ते सासूबाईच देतात, आता त्यांना कोण सांगणार.