शब्दचर्चा : जैवइंधन, मळी आणि ‘पर्याय’

शंका
‘जैवइंधन’ हा शब्द मला नीट उलगडत नाही. खनिज तेलही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवांपासूनच झालं ना? मग ते जैव का नाही? आणि बातम्यांत ‘मळीपासून इथेनॉल’ (पेट्रोलमध्ये मिसळतात ते अल्कोहोल) असं वाचते. आमच्याकडे मळी म्हणजे कारखान्यावरून शेतात खत म्हणून टाकायला आणतात ती. त्यातून इथेनॉल कसं काढतात?

उत्तर
ताई, ‘जैव’चा इथला अर्थ ‘आत्ताच्या पिकापासून केलेलं’ असा घ्यायचा. ऊस, मका, तांदूळ यांनी गेल्या हंगामात हवेतून घेतलेला कार्बन जळल्यावर हवेत परत जातो. खनिज तेलातला कार्बन मात्र युगानुयुगं जमिनीखाली गाडलेला होता. ‘जैविक इंधन’ टाळावं असं माझं मत, कारण ‘जैविक’ म्हटलं की लोकांना सेंद्रिय शेती आठवते.

मळीची गल्लत खरी आहे. एकाच कारखान्यातून दोन वेगळ्या वस्तू बाहेर पडतात. रस गाळल्यावर राहतो तो काळपट चोथा म्हणजे प्रेसमड, आणि शेतकरी त्यालाच मळी म्हणतात. इथेनॉलची मळी म्हणजे मोलॅसिस. पाकातून साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरतो तो दाट, काळा, चिकट द्रव. शेवटपर्यंत साखर काढून घेतली की उरते ती ‘सी हेवी’, त्याच्या एक पायरी आधी थांबलं तर ‘बी हेवी’. बी हेवीत साखर जास्त राहते, म्हणून इथेनॉलही जास्त निघतं. काकवी ही तिसरीच गोष्ट, ती खायची.

भर
माझा आक्षेप ‘पर्याय’ या शब्दाला आहे. ‘आयात तेलाला पर्याय’ असं सर्रास छापतात. ‘ई २०’ नावाने मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, बाकी ८० टक्के पेट्रोलच. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. तेव्हा ‘जोड’ म्हणा, ‘पूरक इंधन’ म्हणा. ‘पर्याय’ ऐकून गाडीवाल्याची अपेक्षा भलतीकडे जाते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिसळल्यावर लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. अॅव्हरेज कमी मिळाल्याची तक्रार येते त्यामागे हेही एक कारण आहे, आणि ते गाडी घेणाऱ्याला आधी सांगायला हवं.

शिवाय पुरवठा पावसावर अवलंबून. २०२३ च्या डिसेंबरमध्ये उसाचं पीक घटणार म्हणून केंद्राने थेट रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि ज्या कारखान्यांनी त्यासाठी कर्ज काढून प्रकल्प उभारले होते ते अडचणीत आले. त्यानंतर मक्याचा वाटा झपाट्याने वाढला.

शंका
आणि मोगली एरंड (जट्रोफा)? त्यापासूनही जैवइंधन करतात ना?

उत्तर
त्याच्या बियांचं तेल बायोडिझेलसाठी, म्हणजे डिझेलमध्ये मिसळायच्या जैवइंधनासाठी. केंद्राच्या २००९ च्या जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य होतं. पडीक जमिनीवर बियांचं उत्पन्न फारच कमी आलं, आणि ते बारगळलं. करंजाचं तेलही चालतं.