प्रॅक्टिस म्हणजे नुसता सराव नव्हे
'प्रॅक्टिस म्हणजे सराव, बाकीचे अर्थ ओढूनताणून' हे या चर्चेत मांडलेलं मत पटलं नाही. सोलापूरच्या कोर्टाबाहेर मी टायपिंग करते. इथे 'वकीलसाहेबांची प्रॅक्टिस जोरात आहे' म्हणजे पक्षकारांची रीघ आहे. स्पेलिंगबद्दल तर कुणीच बोललं नाही. ब्रिटिश इंग्रजीत नामाला सी (practice), क्रियापदाला एस (practise). अमेरिकेत दोन्हीकडे सीच. आपल्या १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात, कलम ३० मध्ये, वकिली करण्याच्या हक्काबद्दल लिहिताना एसच वापरलाय. नवे ज्युनियर सी लिहून आणतात, मी पेन्सिलीने गोल करून परत देते.

आणि सरावाला आमच्या घरचा शब्द वेगळाच. आजोबा चादरीच्या मागावर होते. तुटलेल्या धाग्याला न बघता गाठ मारता आली की म्हणायचे, 'आता हात बसला.'