पोक्सोमध्ये सपोर्ट पर्सन व्हायचंय, दोन दिवसांच्या कार्यशाळेवर भागेल का?

कोथरूडकर_एमएसडब्ल्यू
कर्वे समाज सेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू केलंय, सध्या शाळांमध्ये समुपदेशन करते. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्यातल्या खटल्यात मुलाला आधार द्यायला सोबत असते ती सपोर्ट पर्सन. त्यासाठी बाल कल्याण समितीकडे नाव द्यायचा विचार आहे. त्याआधी एक कार्यशाळा करतेय. विषय: ट्रॉमा, सहानुभूती, कायद्याची ओळख. एवढ्यावर कोर्टात निभावेल?

तारीख_पे_तारीख
नाही निभावणार. मी शिवाजीनगर कोर्टात हेच काम करते, म्हणून स्पष्टच सांगते.

आपल्या लोकांना घटना ऐकायची भारी घाई. पोलिसांनी विचारलेलं असतं, डॉक्टरांनी विचारलेलं असतं, मॅजिस्ट्रेटपुढे जबाब झालेला असतो, वर आपण. आपण खोदून विचारायचंच नाही. उलटतपासणीत हा प्रश्न येतोच: ‘हे बोलायला तुला या मॅडमनी शिकवलं ना?’ पोर घाबरून हो म्हणालं की झालं कल्याण. मूल आपणहून बोलायला लागलं तर थांबवायचंही नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणायचं आणि त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. वाचून हे जमत नाही, रोल-प्ले लागतो.

साक्षीच्या आधी मुलीला रिकामं कोर्ट दाखवून आण. जज कुठे बसतात, ती कुठे बसणार, बाथरूम कुठे. आरोपी मुलाच्या समोर येऊ नये म्हणून पोक्सोचं कलम 36 आहे, पण ते साक्षीपुरतं. जिन्यात त्याची आख्खी भावकी उभी असते, तिथे कलम नाही. आत कुठून न्यायचं ते आधीच बघून ठेवायचं.

आणि कलम 33 पाठ कर. वकिलाने प्रश्न थेट मुलाला विचारायचा नसतो, तो न्यायाधीशांमार्फत जातो. मुलाला मधेमधे विश्रांतीही मागता येते. सरकारी वकिलांच्या वेळीच कानावर घालता आलं नाही, तर तू तिथे नुसती पाण्याची बाटली धरून बसशील.

वकील_सदाशिव_पेठ
वरच्या ताईंशी सहमत. भर एवढीच, पैशाची बाजू शिका. अत्याचारपीडितांना सरकारी अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. शिवाय 2020 च्या पोक्सो नियमांनुसार विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. निकालापर्यंत थांबायची गरज नाही, हे बहुतेक पालकांना कुणी सांगतच नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, हेही पहिल्याच भेटीत सांगा.

हडपसरचा_बाप्या
मानधन मिळतं का हो?

वकील_सदाशिव_पेठ
नियमात आहे. कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही. पाठपुरावा मात्र ठेवा.

कोथरूडकर_एमएसडब्ल्यू
आयोजकांना फोन केला. उलटतपासणीचं सत्र नाहीये, पण ‘घेऊ की’ म्हणाले. तेवढ्यासाठी एखादी सुनावणी बघता येईल का?

तारीख_पे_तारीख
नाही, पोक्सोची सुनावणी इन-कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, बाहेरच्यांना प्रवेश नाही, कलम 37. म्हणून तर म्हणते, त्या सत्राला फौजदारी वकिली करणारा खराखुरा वकील बोलवायला सांग. आपल्यातलंच कुणी वकील झालं की फार मऊ प्रश्न विचारतं.