मुलगी वर्गाच्या पुढे आहे, पण घरी येऊन रोज रडते

कोथरूडची आई: लेक ८ वर्षांची, तिसरीत. अपूर्णांक स्वतःहून शिकली, वर्गात कंटाळते, आणि काल एकच गणित चुकलं तर खोडरबरने घासून घासून पान फाडलं नि तासभर रडत बसली. बाई म्हणतात लाडावलीय. काय करू?

एक बाबा: ताई, लाडावलेली नाहीये ती. डोकं १२ वर्षांचं नि मन ८चंच, असं बऱ्याच हुशार मुलांचं असतं. सगळं पटकन जमायची सवय लागते मग पहिलं अवघड आलं की कोसळतात. मी मुलासमोर मुद्दाम चुकायचो, खोडायचो, परत करायचो. 'हुशार आहेस' म्हणणं सोडलं, 'कसं सुचलं तुला?' विचारायला लागलो, फरक पडला पण वर्ष गेलं.

सदाशिव पेठकर: पुण्यातली ज्ञान प्रबोधिनी ही संस्था १९६२ पासून अशाच मुलांसाठी काम करतेय, त्यांच्या प्रशालेत (शाळेत) पाचवीला परीक्षा देऊन प्रवेश. पण आत्तापासून त्या परीक्षेच्या क्लासला घालू नका प्लीज, रडणं वाढेल. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रातली खेळणी घरी करून बघा, टाकाऊ वस्तूंची असतात, दोन-तीनदा बिघडतातच, म्हणजे चुकून परत करायची सवय लागेल.

कोथरूडची आई: खूप आभार. आज पोळी वाकडी झाली, तिला दाखवली, म्हणाली परत लाट ना!